एक्केचाळीस नंबरची पेटी

अमोस टिलरीने खांद्यावरची, घरासमोरची टपालपेटी खांबासकट उतरवून निवडणूक कचेरीच्या टेबलावर आडवी ठेवली. खांबाच्या बुडाची लाल माती कागदांवर सांडली.

"अगं बाई! अमोसकाका, हे काय उपटून आणलंत?" मतदारयादी सांभाळणारी व्हर्ना खुर्चीतून उठलीच.

"पत्ता. नोटिशीत लिहिलं होतं, राहत्या जागेचा पुरावा आणा. घर वसंतात जळालं, हिला मात्र धग लागली नाही. बघ, एक्केचाळीस. नंबर नव्याने रंगवलाय."

घर जळालं तरी म्हातारा त्याच जमिनीवर पत्र्याच्या गाडीत राहत होता, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक. तरी कुणीतरी तक्रार ठोकलीच: हा इथे राहत नाही, नाव काढा. पूर्वी असल्या तक्रारी व्हर्ना स्वतः जाऊन तपासायची. वीस वर्षं तिने तेच केलं. मग वरून नवं निवडणूक मंडळ नेमलं गेलं आणि नियम आला: मतदाराला कार्ड पाठवा, न पोचता परत आलं की नाव कापा. माणूस बघायचं कारणच उरलं नाही!

व्हर्नाचा आवाज खाली आला.

"काका, पेटी उपटली कधी?"

"गेल्या सोमवारी. रंग वाळायला नको?"

तिने खण उघडून एक कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. बुधवारी पाठवलेलं. त्यावर शिक्का होता: पत्त्यावर पेटी नाही, परत.

अमोस मटकन बाकावर बसला. पुरावा न्यायच्या नादात त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"माझ्या बापाला पक्कं घर होतं, पोरी. पत्ता होता, पेटी होती. काळ्या माणसाला मत तेवढं नव्हतं," तो म्हणाला. "मतदारयादीत नाव नोंदवायला गेला म्हणून लाकडाच्या वखारीतल्या कामावरून त्याला हाकललं. आता मत आहे, तर..."

व्हर्नाने घड्याळाकडे पाहिलं.

मंडळाचे अध्यक्ष क्रँडल आतून आले.

"टिलरीचं कार्ड आलं ना परत? मग मारा रेघ. पाचला यादी बंद."

"साहेब, माणूस समोर बसलाय."

"मी कार्डाबद्दल विचारलं."

व्हर्नाने कार्ड उचललं, पेटीचं झाकण उघडलं, कार्ड आत टाकलं आणि झाकण लावलं.

"पोचलं," ती म्हणाली.

"पोरखेळ लावलाय?"

"त्याच्या पेटीत पडलं पाहिजे, एवढाच तुमचा नियम. पडलं. या नावावर रेघ मी मारणार नाही."

"मग किल्ल्या ठेवा इथे."

तिने गळ्यातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. घरी आजारी नवरा होता, आणि त्याचं औषधपाणी याच नोकरीवर चालायचं.

क्रँडलनी यादी पुढे ओढली, पट्टी लावली, लाल पेनाचं टोपण काढलं.

बाकावरून अमोस उठला. पेटीचं झाकण उघडून त्याने कार्ड बाहेर काढलं, डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलं. तळाशी छापलं होतं: या पत्त्यावर राहत असल्यास सही करून पाचच्या आत द्यावे.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला सहा मिनिटं कमी होती.

"साहेब," तो हात पुढे करून म्हणाला, "रेघ मारायच्या आधी ते पेन जरा इकडे द्या."