तिसऱ्या कोषाला दोरा

कोष खाली पडला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. शेंगदाण्याएवढी ती वस्तू, आवाज कसला होणार? पण आजोबांच्या काळजात धस्स झालं.

बरणीच्या तोंडावरचं मलमलीचं कापड हलवायचं नाही, हे त्यांना दहा वेळा सांगून झालं होतं. बरणीवर लाल पेन्सिलीची चिठ्ठीही होती: 'कापड ओढू नये. कोष आहे.' ती लिहिली होती सहा वर्षांच्या नातीनं. दिवसभर प्रश्न विचारून घराला भंडावून सोडते म्हणून आजोबांनी तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलेलं. चार वर्षांचा नातू सदा तिच्या मागे, म्हणून तो शेपूट. दोघांनी अंगणातल्या रोपावरून तीन अळ्या आणल्या होत्या, रोज ताजी पानं घालून आणि बरणीतली घाण झाडून त्या वाढवल्या होत्या. पहिली दोन फुलपाखरं नेमकी पोरं शाळेत असताना बाहेर आली. आज सुट्टी होती, आणि तिसरा कोष सकाळपासून काळा पडत चाललेला. आतले नारिंगी पंख आरपार दिसत होते. हे तरी डोळ्यांनी बघायचंच म्हणून दोघं उठल्यापासून बरणीला चिकटून बसलेली. आणि आजोबांनी काय करावं? कापडाला चुणी पडलेली दिसली म्हणून ती ओढून सरळ केली. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला हात, तो कशाला चिठ्ठी वाचतोय!

"पडलं," शेपूट म्हणाला.

आजोबांना कोषाची काळजी होतीच, पण खरी धास्ती वेगळीच होती. गेल्या आठवड्यात त्यांच्या हातून इस्त्री चालू राहिली आणि टेबल करपलं. त्याच्या आधी नळ उघडा राहून खोलीभर पाणी झालं होतं. सून आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती, आणि तेच तर वाईट होतं. ती शहरात बस चालवायची. जेवणं झाल्यावर ती शांतपणे म्हणाली होती, "बाबा, गाडीवर असताना माझं अर्धं लक्ष घरात असतं. हे चालायचं नाही. आता आणखी एकदा असं झालं, तर पोरांना पाळणाघरात घालावं लागेल." पोरं गेली की दिवसभर घरात ते आणि शिवणयंत्र उरणार, आणि यंत्रसुद्धा बंद पडलेलं.

सव्वाबारा वाजले होते. सून पाळी संपवून एकला येणार होती.

"आता ते मरणार?" प्रश्नपत्रिकेनं विचारलं. "पुस्तकात लिहिलंय, लटकायला मिळालं नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात. मग ते कधीच उडत नाही. कधीच म्हणजे किती दिवस, आजोबा?"

"आधी सुईत दोरा ओव. प्रश्न नंतर."

सुई आता त्यांना दिसत नसे. पोरीनं जीभ बाहेर काढून पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. कोषाच्या टोकाला एक बारीक काळी दांडी होती, तिच्यावरच तो कापडाला आतून लटकत होता. तिला सरकगाठ घालायची आणि दोरा कापडाला टाचायचा, एवढंच काम. पण जास्त ओढलं तर दांडी तुटणार, कमी ओढलं तर कोष निसटणार. पहिला फास निसटला. दुसरा निसटला. आजोबांनी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हासडल्या. तिसरा फास दांडीवर बसला आणि त्यांनी तो केसभर आवळला.

"वास येतोय," शेपूट म्हणाला.

"गप बस जरा."

"आजोबा, जळका वास येतोय."

दूध! पोरांसाठी गॅसवर ठेवलेलं दूध. आणि नेमकी तेव्हाच कोषाला उभी चीर गेली.

गॅसला पोरांनी हात लावायचा नाही, हा घरातला नियम. आजोबांच्या मनात येऊन गेलं की जळू दे ते भांडं, दोनच टाके राहिलेत. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी दोरा नातीच्या चिमटीत दिला.

"धर. अजिबात हलू नकोस. आणि शेपटा, तू हिच्याजवळच बस."

स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि ओट्याला धरून क्षणभर उभे राहिले. भांडं कोळसा झालं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परत आले तर पोरगी तशीच बसलेली. हात ताठ, गालांवरून पाणी ओघळतंय, पण चिमटी ढळली नव्हती. रिकाम्या कोषाला धरून ओलं, चोळामोळा झालेलं फुलपाखरू लोंबकळत होतं. आजोबांनी तिच्या बोटांतून दोरा घेतला आणि कापडात दोन टाके घातले. कापड बरणीवर बसलं आणि तिघांनी श्वास सोडला.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

सून वासाच्या मागे तडक आत गेली आणि भांडं बघून बाहेर आली. गणवेश अंगावरच होता.

"दूध मी विसरले," प्रश्नपत्रिका म्हणाली.

"मी पण विसरलो," शेपूट म्हणाला.

आजोबांना भरून आलं आणि रागही आला, स्वतःचाच. "खोटं बोलतायत दोघं. दूध मी ठेवलं आणि मीच विसरलो. कोषही माझ्याच हातून पडला. सूनबाई, तू घाल पाळणाघरात नाव. गाडी चालवताना तुझं लक्ष इकडे नको."

प्रश्नपत्रिकेनं तोंड उघडलं.

"आम्ही पाळणाघरात गेलो, तर जळका वास येतोय हे आजोबांना कोण सांगणार?"

सुनेनं पोरीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. सोफ्यावर न बसता ती बरणीसमोर जमिनीवरच बसली. पंख हळूहळू भरत होते, चुण्या एकेक करून सुटत होत्या. तिनं गाठीजवळ डोळे नेले.

"हे आत्ता बांधलंत?"

"हो."

"आणि मध्येच सोडून गॅसकडे गेलात?"

"मग काय करणार?" आजोबा म्हणाले. "पोरं घरात होती."

ती उठून आत गेली. बराच वेळ भांडं खरवडण्याचा आवाज येत राहिला. मग तिथूनच तिचा आवाज आला, रोजच्यासारखा.

"उद्यापासून दूध मी सकाळीच तापवून ठेवत जाईन. सिलिंडर बंद करूनच निघेन. आणि बाबा, इस्त्री आजपासून माझ्या कपाटात."

आजोबांनी नुसतीच मान हलवली. ती सुनेला आतून कशी दिसणार?

"आई," शेपूट ओरडला, "आजोबा हो म्हणतायत."