ताप नव्हता

त्या रविवारी सकाळी आई ओट्यावर बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती. बोटं नीट वळत होती. बाबा शेताकडं गेले होते. मी फ्रीजमधून सुई काढून ताटलीत ठेवली. टोचण्याआधी थोडा वेळ ती बाहेर ठेवावी लागते.

"आज सुई राहू दे की गं," आई म्हणाली. "खोकला झालाय जरा."

मी थर्मामीटर लावला. साडेसत्त्याण्णव. ताप नाहीये, म्हणाले आणि तिच्या पोटावर टोचली. तिनं पदर सारखा केला आणि उरलेली भाजी पुढं ओढली. ती नको म्हणाली होती हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. आता मला एकटीला आहे.

दोन वर्षांपूर्वी हे औषध सुरू झालं तेव्हा मीच तिला समजावून सांगितलं होतं. शरीरातल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. तिच्या संधिवातात इंटरल्यूकिन-सहा नावाचा निरोप कारण नसताना फिरत राहतो आणि सांधे सुजतात. हा निरोप पेशीवर जिथं उतरतो, ती जागाच औषध अडवून धरतं.

आईची तीस वर्षं अंगणवाडीत गेलेली. तिनं लगेच विचारलं, "आन् एखादा निरोप खरा असला तर?"

खरा असला तरी अडतो. जंतू शिरले तरी ताप चढेलच असं नाही, रक्ताच्या तपासणीतही सूज नीट दिसत नाही. म्हणून साधा खोकला असला तरी सुई थांबवून फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला हे पाठ होतं.

सोमवारी दुपारी बोलताना तिला धाप लागायला लागली. मंगळवारी आम्ही तिला येरमाळ्याहून सोलापूरला नेलं. रक्ताचा रिपोर्ट फारसा वाईट नव्हता. छातीच्या फोटोत मात्र दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली. गुरुवारी सकाळी आई गेली.

नंतर घरात माणसं येत राहिली. बाबा प्रत्येकाला तेच सांगायचे, केशरला ताप नव्हता हो, कुणाला कळणार. ते बोलायला लागले की मी उठायची. धुतलेले पेले पुन्हा धुवायची. चपला घालून हायवेपर्यंत जायची आणि तिथं काही काम नाही म्हणून परत यायची. बाबांना सांगायला दोनदा गेले. एकदा ते दाढी करत होते. दुसऱ्यांदा ते नुसतेच बसले होते, आणि मी त्यांना चहा हवा का विचारलं.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदन होतं. त्रिशरण-पंचशील झालं आणि एकेक जण उठून आईबद्दल बोलू लागला. चुलतभाऊ अमरदीप तिच्याबद्दल बोलता बोलता माझ्याकडं वळला.

"काकूची सेवा करावी तर श्रावस्तीताईनं," तो म्हणाला. "एक सुई चुकू दिली न्हाय तिनं."

बायकांनी माना हलवल्या. बाबांनी उपरण्यानं डोळे पुसले.

चुकल्या होत्या. ऑगस्टमध्ये आईच्या पायाला जखम झाली म्हणून मी दोन सुया थांबवल्या होत्या. जखम भरली, पण सांधे असे धरले की तिला तांब्या उचलवेना. आठ दिवस मी तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, संडासला उचलून नेलं. रात्री ती कण्हायची तेव्हा मी उशीखाली डोकं घालून पडायची.

अमरदीप खाली बसला. पुढं कोण बोलणार, असं कुणीतरी विचारलं. मी उभी राहिले. बाबा समोरच होते.

"आई त्या रविवारी नको म्हणाली होती," मी म्हणाले. आवाज फार मोठा निघाला. "खोकला झालाय म्हणाली होती. त्या औषधानं ताप दिसत नाही हे मला माहीत होतं. तरी मी सुई दिली. मला ते आठ दिवस पुन्हा नको होते, बाबा."