हिरासिंगची नववी पायरी

हिरासिंग रविवारी येणार हे कळलं, आणि धुरपताबाईला अकरा वर्षांनी पहिल्यांदा गाढ झोप लागली.

निरोप सुनेनं, मिनानं आणला होता. कळमनुरीत दारू सोडलेल्या माणसांची बैठक भरते. हिरासिंग दोन वर्षांपासून तिथं जात होता. त्यांच्यात बारा पायऱ्या असतात म्हणे. आपल्यानं काही होत नाही हे कबूल करायचं, देवावर भार टाकायचा, मग आपले गुन्हे एकेक करून वहीत लिहायचे. तो आता नवव्या पायरीवर आला होता. ज्याचं ज्याचं वाईट केलं, त्याच्या दारात जायचं, खरं सांगायचं आणि भरून देता येईल ते भरून द्यायचं.

“काय भरून देतो म्हणावं? माझा जगन?” धुरपताबाईनं विचारलं.

“मला काय ठावं मामी. येऊ का, एवढंच इचारलं त्यानं.”

“ये म्हणावं. जरूर ये म्हणावं.”

हिरासिंग काही परका नव्हता. त्याची आई ऊसतोडीला गेली की तो धुरपताबाईच्याच चुलीपाशी बसायचा. तिचा मुलगा जगन आणि तो एका ताटात भाकरी कुस्करून खायचे, आणि शेवटच्या घासावरून एकमेकांचे केस ओढायचे. बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात. हिरासिंग तिलाही याडीच म्हणायचा. मोठा झाला आणि त्यानं नाल्याकाठी हातभट्टी लावली. पहिलं गिऱ्हाईक जगन. पुढं, अकरा वर्षांपूर्वी, एका सकाळी जगन हळदीच्या वावराच्या बांधावर मेलेला सापडला. घरी येता येता पडला असेल, असं सगळे म्हणाले. तिनं त्या दिवसापासून हिरासिंगचं नाव तोंडातून काढलं नाही. देवापुढं मात्र रोज काढलं. वाईटासाठी.

तिच्या तरुणपणी तांड्यात एक रीत होती. तांड्याच्या प्रमुखासमोर, नायकासमोर, भांडण मिटलं की दोन्ही घरच्यांनी एका वाटीतून दारूचा घोट घ्यायचा. घोट घेतला की ते प्रकरण पुन्हा कुणी उकरायचं नाही. आता धर्मसिंग नायकानं दारूच्या जागी चहा आणला होता. पण रीत मोडली असं काही कुणी म्हटलं नव्हतं. धुरपताबाईनं शनिवारी पलीकडच्या तांड्यावरून एक बाटली मागवली.

रविवारी मिना वावरात गेली. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. धुरपताबाईनं हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांनीच पितळेची वाटी काठोकाठ भरली आणि ओट्यावर ठेवली.

हिरासिंग आला. अंगानं निम्मा झाला होता, पण कपडे स्वच्छ, दाढी केलेली. तो पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

“माफी पायजे ना तुला?”

“व्हय याडी.”

“मग रीतीनं घे. आधी घोट, मग बोलणं.”

वास त्याच्या नाकापर्यंत गेला, तसा तो एक पाऊल मागं सरला. “याडी, दोन वर्सं झाली. हा एक घोट गेला तर मी पुन्हा उठत न्हाई.”

“म्हनूनच ओतलाय.”

तो वाटीकडं पाहत राहिला. तिला ते पाहून बरं वाटलं. सापडलास, ती मनात म्हणाली.

“माफी नको देऊ,” तो हळूच म्हणाला. “पर मला सांगू दे. सांगाया आलोय.” आणि बसायला कुणी सांगितलं नसताना तो मातीतच बसला.

“जगन बांधावर पडला नव्हता याडी. माझ्या भट्टीवर पडला. संध्याकाळी. उलट्या करून राहिला होता, पाणी मागून राहिला होता. माझा टेंपो तिथंच उभा होता. कळमनुरीचा दवाखाना अर्ध्या तासावर. पर पोलीस येतील, भट्टी जाईल, म्हनून नेला न्हाई. मीच उचलून बांधावर ठेवला. तवा जित्ता होता. याडीला बोलव, म्हनला.”

धुरपताबाईच्या हातात वाळवणातलं हळकुंड होतं, ते मोडलं. आवाज दोघांनाही ऐकू आला.

“म्या बोलावलं न्हाई,” तो म्हणाला.

वाळत्या हळदीवर एक कोंबडी चढली, तिला कुणी हाकललं नाही. मग हिरासिंगचे खांदे हलायला लागले. तो गुडघ्यांवर सरकत ओट्याशी आला आणि त्यानं वाटीकडं हात नेला.

“दे याडी. तुजं बराबर हाय. पितो मी. संपव मला.”

अकरा वर्षं तिनं देवाकडं हेच मागितलं होतं. त्याची बोटं वाटीच्या काठाला लागली. त्या बोटांची घाई धुरपताबाईला ओळखीची होती. जगनही असाच वाटीकडं झेपावायचा. आणि पोटात गेली की त्याला काही आठवायचं नाही. मारलेलं नाही, मोडलेलं नाही, बायकोला काय बोलला तेही नाही. सकाळी मेलेल्यासारखा निवांत पडलेला असायचा.

तिनं वाटी हिसकावली आणि दारू मातीत ओतली.

“पिऊन इसरतोस व्हय रे? इतक्या सस्त्यात?” तिचा आवाज चढला होता. “न्हाई. तू प्यायचं न्हाई हिरासिंग. तू जगायचं. शुद्धीत जगायचं. माझ्या जगनचं पाणी मागनं तुला रोज ऐकू आलं पायजे. तुजी ती बैठक एकदा जरी चुकली तर मी कळमनुरीला येऊन तुला उभा करीन, सगळ्यांच्या म्होरं.”

“आनि माफी?”

“माफीचं नाव काढू नगंस.”

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन मिना आली. अंगणात दारूचा वास, मातीत बसलेला हिरासिंग आणि उभी सासू पाहून ती दारातच थबकली.

“काय झालं मामी?”

धुरपताबाईनं तिच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेतला, तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

“ही जगनची बायको,” ती हिरासिंगला म्हणाली. “हिचं पन वाईट केलंस तू. सांग हिला. पयल्यापासून सांग, आनि पाण्याचं गाळू नगंस.”

हिरासिंगनं डोळे पुसले, मिनाकडं पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली.