मालकाच्या फोनवरून

माझ्या गाडीत ब्रेक दोन आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या. सव्वीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय आणि सव्वीस वर्षं माझा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर आहे. घरी जेवताना समोरच्यानं पातेलं जरा जोरात पुढं सरकवलं, तरी टेबलाखाली माझा पाय दाबला जातो. तेव्हा मला कुणी 'आपोआप' हा शब्द ऐकवू नये. आपोआप गिअर पडणारी गाडी मी शिकवत नाही. आपोआप फक्त चुका होतात, हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावतो.

म्हणून पाचेक महिन्यांपूर्वी सूनबाईनं माझ्या फोनवर गाडीच्या टॅक्सची सोय करून दिली आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला काही करायचं नाही. तारीख आली की पैसे खात्यातून आपोआप जातील," तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"म्हणजे मी झोपलेलो असताना कुणीतरी माझ्या खिशात हात घालणार, आणि परवानगी मीच द्यायची?"

"कुणीतरी नाही हो, सरकार."

"मग तर बघायलाच नको!"

ती हसली आणि डबा उचलून कामावर गेली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे ती. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, बायको जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. एरवी आमचं छान जमतं. ती माझी बडबड ऐकून घेते आणि मी तिच्या हातचा बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता पितो.

पण ती गेल्यावर मी फोन घेऊन बसलो. अर्धा तास खटपट केली तेव्हा कुठं ती सोय सापडली. खाली लाल अक्षरांत होतं, 'रद्द करा'. दाबलं. फोननं विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की, बाबा, शंभरदा नक्की! असा काही आनंद झाला म्हणून सांगू! सूनबाईला मात्र सांगितलं नाही.

टॅक्सची तारीख आली तेव्हा मी स्वतःच्या हातानं भरायला बसलो. गाडीचा नंबर टाकला, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले. मग स्क्रीनवर वेडीवाकडी अक्षरं आली, ती वाचून लिहा म्हणे, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे आम्हाला कळेल. साठ वर्षं माणूस म्हणून काढली, आता हे सिद्ध करायचं होतं! केलं तेही. मग ओटीपी आला, तर चष्मा सापडेना. चष्मा सापडला, तर वेळ संपलेली. असं तीनदा झालं आणि मी फोन पालथा टाकला. म्हटलं, उद्या बघू.

सूनबाईला विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मग 'रद्द करा'चं सांगावं लागलं असतं. उद्याचा परवा झाला, परवाचा महिना. मधून मधून टॅक्स थकल्याचे मेसेज यायचे. शेजाऱ्याला मी सांगायचो, हे सगळे फसवणुकीचे धंदे, उघडायचेच नाहीत. मनातून मला माहीत होतं की मेसेज खरे आहेत.

त्याच काळात एक बाई माझ्याकडे शिकत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकसष्ट. आयुष्यभर त्यांचे यजमान गाडी चालवत आले आणि बाई शेजारी बसत आल्या. आता यजमानांची नजर गेली. दर आठवड्याला त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी बाई फाटकाशी उभ्या राहून रिक्षावाल्यांची मनधरणी करायच्या. घरची गाडी खाली आच्छादन घालून उभी होती. शेवटी बाईंनीच मनावर घेतलं. दोनदा परीक्षेत नापास झाल्या, पण हटल्या नाहीत. तिसऱ्या परीक्षेचा दिवस आणि शिकाऊ लायसन्सची मुदत संपण्याचा दिवस नेमका एकच आला. त्या दिवशी हुकलं तर लेखी परीक्षेपासून सगळं पुन्हा, आणि नवी तारीख तीन महिन्यांनी.

"मास्तर, आज पास झाले की उद्या यांना मी नेणार," सकाळी गाडीत बसताना बाई म्हणाल्या. "तसं सांगूनच आलेय."

परीक्षेच्या मैदानाआधी एक खिडकी आहे. तिथं गाडीचा नंबर सांगायचा. खिडकीतल्या मॅडमनी नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या गाडीचा टॅक्स भरलेला नाही. गाडी आत जाणार नाही."

माझी पाचावर धारण बसली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, संशयानं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वासच तेवढा होता, आणि मला तोच सोसवेना.

"असं कसं होईल?" मी आवाज चढवला. "माझ्या सुनेनं ते आपोआपचं काहीतरी करून ठेवलंय फोनमध्ये. तिनंच घोळ घातला असणार. मी तर हातही लावत नाही त्याला!"

बोलून गेलो. आणि मग ते खरं करायला फोन लावला तो सूनबाईलाच. "अगं, काय करून ठेवलंस हे? बाईंची परीक्षा अडली इथं!" बाई ऐकत होत्या म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोललो.

ती वीस मिनिटांत पोचली. अंगावर लॅबचा पांढरा कोट तसाच होता, धापा टाकत होती. आल्या आल्या फोन काढून तिनं टॅक्स दंडासकट भरला. मला महिनाभर जमलं नव्हतं ते तिनं उभ्या उभ्या केलं. पण खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या की भरलेलं इथं दिसायला एक दिवस लागतो, त्यांच्या हातात काही नाही. दुसरी गाडी आणेपर्यंत परीक्षेची वेळ टळणार होती.

"पण पैसे वेळेवर का गेले नाहीत, हे तरी बघून सांगा," बाई म्हणाल्या. "चूक यंत्राची असेल तर मास्तरांना शिक्षा का? मी लेखी तक्रार करते. मास्तरांसारखा शिस्तीचा माणूस मी पाहिलेला नाही."

मॅडमनी दोनचार कळा दाबल्या. "यंत्राची चूक नाही. ही सोय चार महिन्यांपूर्वी रद्द केलेली आहे. मालकाच्या फोनवरून."

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. तिला एका क्षणात सगळं कळलं, हे मला दिसलं. तिच्या जागी मी असतो तर तिथल्या तिथं चारचौघांत वाजवली असती. ती खिडकीकडे वळली आणि हळूच म्हणाली, "बाबांच्या फोनवरचं सगळं मीच बघते. माझ्याच हातून दाबलं गेलं असणार."

मग बाईंनी तिला झापलं. पस्तीस वर्षं वर्गापुढं उभ्या राहिलेल्या बाईचा आवाज तो, सगळ्या रांगेला ऐकू जात होता. "शिकलेली मुलगी ना तू? म्हाताऱ्या माणसाचा फोन हातात घेतेस आणि कुठं काय दाबतेस याचं भान नाही? तुझ्या एका निष्काळजीपणापायी तीन महिने गेले माझे. घरी एक माणूस वाट बघत बसलाय, त्याला जाऊन मी काय सांगू?" रांगेतली माणसं माना लांब करकरून बघत होती. सूनबाई मान खाली घालून, "चुकलं, बाई," एवढंच म्हणत होती.

आणि मी? मी बाजूला उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण मघाशी एवढ्या मोठ्यानं बोललो होतो, ते आता गिळायचं कसं? मी खिशातून रुमाल काढून मान पुसत राहिलो. लाज वाटायला हवी होती आणि वाटतही होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण गप्प राहिलो, हे खरं.

घरी आल्यावर वाटलं, आता ती बोलेल. बोलेल, रडेल, भांडेल, म्हणजे मलाही काहीतरी बोलता येईल. तिनं नुसता चहा करून पुढ्यात ठेवला. पुढचे तीन आठवडे तसेच गेले. ती माझ्याशी नीट बोलायची, वेळेवर जेवायला वाढायची, फक्त हसायची नाही. एकदा घरी येऊन नुसतीच खुर्चीत बसून राहिली. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, दमलेय.

बाई लेखी परीक्षा पुन्हा पास झाल्या आणि नवं शिकाऊ लायसन्स घेऊन माझ्याकडेच आल्या. दुसरीकडे गेल्या असत्या तर सुटलो असतो.

"तुमचा काय दोष, मास्तर," गाडी सुरू करता करता म्हणाल्या. "एक सांगू? फोन परत घ्या तिच्याकडून. आजकालच्या मुलींना कशाची म्हणून किंमत नाही. परवा यांना रिक्षात चढवताना डोक्याला लागलं, तेव्हा मला तीच आठवली. दोन टाके पडले यांना."

त्या टाक्यांनी माझा बांध फुटला. म्हटलं, "बाई, गाडी कडेला घ्या."

त्यांनी नीट आरशात बघून, हात दाखवून गाडी कडेला लावली. मी सगळं सांगितलं. रद्द मीच केलं, नंतर भरायला जमलं नाही, मेसेज आले ते लपवले, आणि खिडकीवर तिच्यावर ढकललं. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी तिला तुमची बोलणी खाऊ दिली.

बाईंनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्यांनी चेहरा झाकून घेतला. "मी त्या पोरीला काय काय बोलले हो," म्हणाल्या. मग विचारलं, "घरी असेल का आता?"

गाडी त्यांनीच चालवली. मला ब्रेकला पाय लावावा लागला नाही. तीन जिने चढून त्या माझ्या आधी दाराशी पोचल्या, आणि सूनबाईनं दार उघडताच उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच म्हणाल्या, "मुली, मी तुला नाही नाही ते बोलले. तुझी चूक नव्हती. मला माफ कर."

सूनबाई गोंधळली. "अहो बाई, असं काय करताय, आत या." बाई आत आल्या नाहीत. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेल्या. ज्यानं गुन्हा केला तो मागं उभा होता, आणि माफी मागून गेल्या त्या बाई.

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. मी म्हटलं, "पोरी, माझं चुकलं."

"ते मला तेव्हाच माहीत होतं, बाबा. तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली गं."

"मला नाही वाटली?" ती म्हणाली. "तुम्ही माझं नाव आधीच घेऊन बसला होतात. मी नाही म्हटलं असतं तर त्यांच्यासमोर तुमचं काय राहिलं असतं? म्हणून हो म्हटलं. पण मागं रांगेत आमच्या लॅबचे डॉक्टर उभे होते. लायसन्सच्या कामाला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. 'कुठं काय दाबतेस याचं भान नाही,' हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून माझे रिपोर्ट ते दुसऱ्या मुलीकडून तपासून घेतात. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

मी तीन आठवडे माझीच लाज कुरवाळत बसलो होतो, आणि ही रोज तिथं जात होती.

"उद्या मी येतो लॅबवर," मी म्हटलं. "डॉक्टरांना सांगतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी खरंच येईन की नाही, हे जोखत असावी.

"आठला उघडतं," ती म्हणाली. "उघडल्या उघडल्या या. साडेआठनंतर फार गर्दी होते, रांग पार दारापर्यंत येते."

"मग साडेआठनंतरच येतो," मी म्हटलं.