अंकनाथांची बेरीज

शाहूपुरीतल्या क्लासच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बी.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाची पोरं, त्यांचे आईबाप, नारळ, उदबत्त्यांचा धूर. फळ्यावरचं कालचं गणित अर्धवट पुसलेलं, आणि त्याच फळ्यापुढं भगवी शाल पांघरून अंकनाथ महाराज बसलेले.

"पोरी, कुठलाबी चार आकडी नंबर सांग."

शिवलीला हात जोडून उठली. "चार हजार सातशे सव्वीस."

महाराजांनी डोळे मिटले, चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि ती क्लास चालवणाऱ्या अमरसिंह सरांच्या खिशात घातली. मग फळ्यावर मांडलेल्या शिवलीलाच्या आकड्याखाली आकाराम नावाच्या एका पालकानं ३५१८ लिहिलं. "देवी बोलतीय" म्हणत महाराजांनी खाली ६४८१ लिहिलं. दुसऱ्या कुणी ८०६२ लिहिलं, महाराजांनी १९३७. पाचांची बेरीज २४७२४. सरांनी चिठ्ठी उघडली. २४७२४! हॉल दणाणला. सगळ्यात जोरात टाळ्या सरांच्याच.

"बेरीज आधी सांगणारी देवी तुमचा पेपर सोडवणार न्हाय व्हय?" महाराज गरजले. "हा सिद्ध कागद उशाला ठेवा. पेपरपतोर पुस्तक उघडू नका. संशय आला की विद्या गेली!"

मागच्या रांगेत क्रांती वैतागून बसली होती. नेसरीची शिवलीला तिच्याच खोलीत राहायची. ह्याच पेपरात एकदा नापास झालेली, म्हणून भेदरलेली. महाराजांच्या पहिल्या बैठकीपासून चार दिवस तिनं वहीला हात लावला नव्हता. नुसते उपास आणि जप.

क्रांतीनं फळ्यावरचे आकडे पुन्हा पाहिले आणि तरातरा पुढं गेली.

"महाराज, आणखी एकदा. पण आधी चिठ्ठी लिहा, मग पाचही आकडे आम्ही लिहितो."

"देवीची परीक्षा घेतीस?"

"देवीची न्हाय, तुमची."

तिनं खडू उचलला. "३५१८ आणि ६४८१. किती? ९९९९. ८०६२ आणि १९३७. परत ९९९९. समोरच्याचा प्रत्येक अंक नवातनं वजा करायचा. तीनाला सहा, पाचाला चार. दोन जोड्या मिळून वीस हजाराला दोन कमी. शिवलीलाचा आकडा ऐकला, त्यात तेवढे मिळवले, झाली चिठ्ठी!"

"आयला, हे मलाबी जमंल की!" म्हणत आकाराम उठले. आपल्या पोराला आकडे सांगायला लावून त्यांनी करूनच दाखवलं. लोक हसू लागले तसे महाराज शाल सावरत दाराकडं सरकले.

"क्रांती, खाली बस," अमरसिंह सर म्हणाले. "लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न हाय."

"सर, तुम्ही गणितात एम.एस्सी. तुम्हाला हे कळलं नव्हतं?"

सर मोबाइलमध्ये बघू लागले. महाराजांपेक्षा क्रांतीला त्यांचीच जास्त शिसारी आली.

जिन्यात शिवलीला रडत होती. "चार दिवस गेले की गं माझे."

"पाच उरलेत. ऊठ."

पाच दिवस दोघी वह्या पसरून बसल्या. शिवलीला काठावर पास झाली. मात्र त्या हॉलमधली काही पोरं तरीही कागद उशाला घेऊन झोपली, आणि पेपरात कोरं पान ठेवून आली.

वाचकहो, असा कुणी भेटला तर हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. आणि त्याच्या शेजारी एखादा शिकलेला माणूस टाळ्या वाजवत असेल, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारा.