डबीवरचा हात

घाटनांदूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर विश्वेश्वरअप्पांचं दुकान आहे, मागं घर. ताडपत्री, दोरखंड, कोयते, बैलांच्या घुंगरमाळा. दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या तिथं गर्दी करायच्या, आणि एरवी अप्पा गादीवर बसून पेंगायचे. पेंगणं ते कधी कबूल करायचे नाहीत. "डोळे मिटून इचार करत होतो," असं म्हणायचे. पण स्वतःच्या रात्रीच्या झोपेचं कौतुक मात्र त्यांना भारी. "पाठ टेकली की डोळा लागतो बगा," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, "मन साफ लागतंय त्याला." इतकं साफ मन असलेल्या माणसाला दोर मोजता मोजता डुलकी का लागावी, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

काळजी होती ती बायकोची. महानंदाबाई म्हणजे सगळ्या गल्लीची आठवण. कुणाच्या सुनेचं माहेर कोणतं, कुणाच्या बारशाला कोण आलं नव्हतं, हे लोक त्यांना विचारायला येत. आणि त्याच बाई आता गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन उभ्या राहायच्या, करपल्याचा वास आला तरी हलायच्या नाहीत. चहात साखरेऐवजी मीठ पडायचं. धर्मापुरीच्या लग्नात सख्ख्या भाचीनं पाया पडून विचारलं, "मावशी, वळखलं का?" तर बाई तिच्या तोंडाकडे नुसत्या बघत राहिल्या. डोळ्यांखाली काळं, डोकं सदा जड, आणि वर बीपीची गोळी सुरू झालेली. "वयच झालं की आता," असं म्हणून त्या हसायच्या. ते हसू बघून अप्पा घाबरायचे.

कारण हे त्यांनी आधी पाहिलं होतं. महानंदाबाईंच्या आईचं म्हातारपणी असंच झालं. आधी मीठ-साखर विसरली, मग माणसं. एकदा अप्पा बायकोला घेऊन सासुरवाडीला गेले असताना म्हातारीनं आपल्याच नवऱ्याला विचारलं, "कोन हो तुमी? कुनाकडं आलाव?" सासरे जरा थांबले आणि म्हणाले, "पाव्हना हाय. बसू का?" म्हातारी म्हणाली, "बसा." आणि सासरे आपल्याच घरात पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. अप्पा तेव्हा उठून बाहेर गेले होते, त्यांना ते बघवलं नाही. आता रोज सकाळी चहाचा कप घेताना ते बायकोच्या डोळ्यांत बघायचे. आज ओळखते की नाही? ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, तिला तर नाहीच नाही.

आंबेजोगाईच्या एका दवाखान्यात झोपेवर संशोधन चाललंय, ही खबर आणली गहिनीनाथ मुकादमानं. तो टोळीसाठी ताडपत्र्या घ्यायला आला होता. "झोपेचा अन् बीपीचा, इसरण्याचा काय संबंध हाय ते बगतेत म्हनं. रातभर वायरी लावून झोपवतेत. मी जाऊन आलो, काय दुखत न्हाई." अप्पांनी दुसऱ्याच दिवशी बायकोला एसटीत बसवलं.

तिथल्या डॉक्टर अपेक्षा वयानं तरुण, पण घाई न करता विचारणाऱ्या. "काकू, रात्री झोप लागते का?"

"लागती की, तुटक तुटक."

"शेजारी झोपणारं कुणी घोरतं का?"

महानंदाबाईंनी तोंड उघडायच्या आत अप्पा बोलले, "शेजारी मीच असतो. मी कावून घोरू? पडलो की सकाळच होती माझी. लई शांत झोप."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. आणि अप्पा खोटं बोलत होते असंही नाही. स्वतःचं घोरणं कुणी ऐकलंय?

बाईंना त्या रात्री दवाखान्यात ठेवून घेतलं. अप्पा ओळखीच्या घरी उतरले. सकाळी ते न्यायला आले, तर महानंदाबाई खाटेवर मांडी घालून बसलेल्या, चेहरा धुतल्यासारखा. नर्स दिंद्रुडची निघाली, म्हणून तिच्या आजीच्या माहेरापर्यंतचं गणगोत त्यांनी उलगडून ठेवलं होतं. एक नाव अडलं नाही. अप्पा दारातच उभे राहिले. आपली जुनी बायको एका रात्रीत कुठून परत आली, ते त्यांना कळेना, आणि विचारायची भीती वाटली.

"काकूंच्या झोपेत काही बिघाड नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पडल्या आणि लगेच झोपल्या. सकाळी हलवून उठवावं लागलं. मग घरी का झोपत नाहीत, तेच मला कळत नाही." त्या कॉम्प्युटरवर काहीतरी शोधायला वळल्या. डोक्यावर पंखा फिरत होता, पोटात पोहे होते. अप्पांनी डोळे मिटून विचार करायला घेतला.

डोळे उघडले ते कुणीतरी छातीला हलवल्यामुळे. अप्पा लिंगायत. गळ्यातल्या शिवदोऱ्याला इष्टलिंगाची चांदीची डबी, ती आयुष्यात कधी अंगावरून उतरली नव्हती. त्या डबीवर बायकोचा तळवा सपाट टेकलेला होता. डॉक्टर कॉम्प्युटर सोडून त्या हाताकडे बघत होत्या.

"काकू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काकांचा श्वास थांबला आणि तुमचा हात आपोआप तिथं गेला. हे कधीपासून करताय?"

महानंदाबाईंनी हात मागं घेतला.

"आमचे मामंजी झोपेतच गेले," त्या म्हणाल्या. "लोक म्हनले, पुण्यवान मानूस. पन मी शेजारच्या खोलीत जागी होते. घोरायचे, गप व्हायचे, पुना घोरायचे. मंग एकदा गप झाले. मला वाटलं, बरं झालं, आता निवांत झोपले." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "पुढं ह्यांचं बी तसंच व्हाया लागलं. तवापासून डबीवर हात ठेवते. डबी खालीवर होत असली की बरं. थांबली की हलवते. हलवलं की घेतेत श्वास."

"अन् तू झोपतीस कवा?" अप्पांनी विचारलं.

"दुपारी पडते की जरा."

"मला सांगितलं कावून न्हाई?"

"सांगून काय केलं असतं? तुमची बी झोप गेली असती. घरात एकाची तरी ऱ्हावी."

अप्पांना आपल्या सगळ्या फुशारक्या आठवल्या, गादीवर बसून गिऱ्हाइकांना मारलेल्या, आणि आत चहा करताना बायको त्या ऐकत असायची. कधी एका शब्दानं बोलली नाही. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती, आणि त्या लाजेहून मोठी माया दाटून आली. त्यांनी तिथंच, डॉक्टरांसमोर, बायकोचा हात धरला. अप्पांच्या घराण्यात असलं काही कुणी केलेलं नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झोपेत घसा सैल पडतो, श्वासाची वाट बंद होते, शरीर धडपडून अर्धवट जागं होतं, पुन्हा झोपतं. माणसाला वाटतं आपण गाढ झोपलो. हृदय मात्र रात्रभर झगडत असतं. म्हणून दिवसा पेंग. आणि शेजारी राखण करत जागणाऱ्याचंही डोकं थकतं, आठवण थकते, बीपी चढतं. "काकूंचा विसर म्हातारपणाचा आहे की जागरणाचा, हे त्या झोपायला लागल्यावरच कळेल. इथं हाताखाली डबी नव्हती, म्हणून थकलेलं शरीर झोपून गेलं; ती एक रात्र बघून मला आशा वाटते. पण आधी काकांना बरं करू."

म्हणजे पेशंट बदलला. त्या रात्री अप्पांच्या छातीला पट्टा बांधायला आलेल्या पोरानं डबी काढून ठेवायला सांगितली, तर अप्पा उठून बसले. "मानूस काढून ठिव, डबी न्हाई निघायची." शेवटी पट्टा डबीच्या खालून गेला. महानंदाबाईंना बाहेर बसायला सांगितलं होतं, कारण त्या आत असल्या तर हलवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि तपासणी वाया जाईल. दारातून त्या पुन्हा परत आल्या. "डबीवर ध्यान ठिव बाबा," त्या पोराला म्हणाल्या, "मामुली आजार नसल ह्यो." त्यानं ठेवतो म्हणून शब्द दिला, तेव्हा कुठं गेल्या.

तपासणीत आजार पक्का ठरला, आणि अप्पांच्या घरी यंत्र आलं. नाकावर मुखवटा, त्याला लांब नळी, नळीतून हवा. आरशात बघून अप्पा म्हणाले, "गनपती झालोय मी." पण यंत्रानं काम केलं. घोरणं गेलं, गुदमरणं गेलं. दुकानात गादीवर बसून ते आता खरोखर विचार करू लागले, आणि गिऱ्हाइकांना त्याचा जरा त्रासच झाला, कारण दोर मोजताना हातभर सुद्धा जास्त सुटेना.

महानंदाबाई मात्र झोपेनात. घर शांत झालं होतं, आणि त्यांना शांततेचंच भय. घोरणं ऐकू येत असलं की माणूस आहे हे कळायचं; आता काहीच ऐकू येईना. हात डबीवर तसाच. डबी सारखी, संथ खालीवर होत राहायची, आणि तरी त्या ती थांबायची वाट बघत जागायच्या. सकाळी चहात पुन्हा मीठ. अप्पांनी तो चहा गुपचूप पिऊन टाकला. यंत्र आलं, उपाय झाला, तरी उशीर झाला असेल तर, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं. डॉक्टरांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, एवढी जुनी सवय आहे, वेळ द्या.

त्या रात्री निजायच्या आधी अप्पांनी बायकोचा हात घेतला आणि स्वतःच डबीवर ठेवला. "हितंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "काढ म्हनत न्हाई. पन हात जागा ऱ्हाईल, तू झोप." मग मुखवटा चढवला. त्यानंतर रोज हेच करायचं ठरलं.

आणि अशाच एका सकाळी अप्पांना जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन पार पायथ्याशी आलं होतं. बाहेर गहिनीनाथ दुकानाची फळी वाजवत होता. टोळी निघायची होती, कोयते न्यायचे राहिले होते. "अप्पा! आवो अप्पा! आज दुकान न्हाई का?" अप्पांचं दुकान आजवर उन्हं यायच्या आधी उघडत आलेलं. ते उठायला गेले आणि थांबले. छातीवर हात होता. जड, सैल, झोपलेला हात. महानंदाबाईंचं तोंड किंचित उघडं, कपाळावर एक आठी नाही, आणि त्या चक्क बारीक घोरत होत्या.

अप्पा हलले नाहीत. बाहेर गहिनीनाथ शेजाऱ्यांना विचारू लागला, कुणीतरी म्हणालं बाहेरगावी गेले असतील. नाकावरचा मुखवटासुद्धा त्यांनी काढला नाही, हात हलवला तर तिला जाग येईल म्हणून. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत गेलं तेही त्यांनी पुसलं नाही.

बऱ्याच वेळानं महानंदाबाईंनी डोळे उघडले. समोरच्या नळीवाल्या तोंडाकडे त्या टक लावून बघत राहिल्या. मग विचारलं, "कोन हो तुमी? कुनाकडं आलाव?"

अप्पांच्या छातीत धस्स झालं. डबीवरच्या हाताला ते कळलं असणार, कारण त्यानं डबी हळूच थोपटली. तेव्हा अप्पांनी नीट बघितलं. बाईंचे डोळे हसत होते, ओल्या कडांनी, पूर्ण जागे. म्हणजे रोज सकाळी चहाच्या कपावरून आपण काय शोधतोय, ते हिला ठाऊक होतं.

त्यांनी मुखवटा काढला.

"पाव्हना हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ का?"

"ऱ्हावा," महानंदाबाई म्हणाल्या, आणि कूस बदलून, हात त्यांच्या डबीवरून काढून घेऊन स्वतःच्या उशाखाली ठेवून, पुन्हा झोपल्या.