लाल आकडा

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट उघडला, तसं म्हाताऱ्या शिंप्याने दाराकडे पाहिलं. लेक बाहेर फोनवर बोलत होती. त्याने खुर्ची पुढे ओढली.

“छातीतला संसर्ग गेला, काका,” बाई म्हणाल्या. “सीआरपी जागेवर आलाय. तो सूज आली की चटकन चढतो आणि चटकन उतरतो.”

“आणि हा लाल आकडा?”

“तो ईएसआर. जरा आळशी आहे. आजार गेला तरी बरेच दिवस वरच रेंगाळतो. ताप नाही, भूक लागतेय, छाती साफ आहे. तुम्ही बरे झालात.”

असं ऐकून माणसाचा चेहरा खुलतो. याचा पडला.

“तिला फक्त लाल आकड्याचं सांगाल?” तो हळूच म्हणाला. “खोटं नाही बोलायचं. बाकीचं जरा कमी सांगायचं.”

“का हो?”

“रिपोर्टातलं लाल गेलं की तिच्या घरी निघते म्हणालीय. तिची आई गेल्यापासून घरात माझ्याशी भांडायलाही कुणी नव्हतं.”

जन्मभर मापाला चोख राहिलेला माणूस आज मापात लबाडी करा म्हणत होता, आणि मान वर करत नव्हता. तेवढ्यात लेक आत आली.

“काय म्हणतोय रिपोर्ट?”

बाईंनी सगळं सांगितलं, काही न गाळता. शिंपी स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

“तुम्ही खुशाल जाऊ शकता,” बाई शेवटी लेकीला म्हणाल्या.

“पण हा लाल आहे ना अजून?”

“या वयात तो थोडा वरच असतो. कदाचित पुरता खाली येणारही नाही.”

लेकीने रिपोर्टची घडी करून पर्समध्ये ठेवली. मग वडिलांची वर सारलेली बाही खाली ओढून ती बटण लावू लागली.

“मग थांबावं लागणार. लाल गेल्याशिवाय नाही, असं ठरलंय आपलं.”

“अगं, पण तो जाणारच नाही म्हणतात त्या. तुझ्या घरी काय सांगशील?”

“सांगितलं. आत्ताच, फोनवर.”

“रिपोर्ट ऐकायच्या आधीच?”

तिने बटण बोटाने हलवून पाहिलं. “हे बटण लोंबतंय, बाबा. शिंप्याचा शर्ट ना हा?”

“मग तू शिव,” म्हातारा गुरकावला. त्याचे डोळे भरून आले होते. दोघं भांडतच बाहेर पडली.